पाटलाने पाहुण्याला काय दिले?

माणूस आयुष्यात किती वाक्यं बोलतो ते कुणी मोजत नाही, हे एक बरंच आहे. साताऱ्याचे तात्या आठल्ये मास्तर तर पोटापाण्यासाठीच बोलणारे. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, घरी चारुशीलाबाईंशी वाद घातले, संध्याकाळी शेजारच्या नानासो ढमाळांबरोबर लढाईच्या बातम्यांचा काथ्याकूट केला. एवढं बोलून म्हातारपणी तात्यांना परत घ्यावंसं वाटे ते एकच वाक्य. पाच शब्दांचं. पण बोललेलं वाक्य काही फळ्यावरचं नसतं, की फडकं मारलं आणि गेलं.

त्याचं झालं असं. सन त्रेचाळीसमध्ये एके दिवशी भरतीच्या कचेरीतला शिपाई खाकी लखोटा घेऊन तात्यांच्या दारात उभा राहिला. दिवस असे होते, की जिल्ह्यात कुणाच्याही दारात सरकारी शिपाई दिसला की शेजारची चार दारं आपोआप लागायची. चारुशीलाबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग नवऱ्याला विचारलं, "काय केलंत?"

"मी काय करणार? मी मराठीचा मास्तर आहे," तात्या म्हणाले. पण लखोटा फोडायच्या आधी त्यांनीही देवाकडे एकदा पाहून घेतलं.

लखोट्यात अटक नव्हती, आमंत्रण होतं. कचेरीत एक गोरा साहेब बसला होता आणि त्याच्या शेजारी हेडक्लार्क सबनीस. हे सबनीस साहेबाचं म्हणणं मराठीत सांगत आणि जाता जाता त्यात स्वतःचंही थोडं घालत. म्हणणं असं, की फौजेत टेलिफोनची आणि बिनतारीची नवी तुकडी उभी राहायची आहे. तिथं माणूस पाहिजे तो ऐकणारा. एकदा हुकूम ऐकला की त्यातला शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. आजवर भरतीत पोरांची छाती मोजत. कान मोजायची टेप सरकारकडे नव्हती. ती आता तात्यांनी करून द्यायची.

रीत विलायतेहून आली होती. एक उतारा मोठ्यानं वाचायचा, एकदाच. मग दहा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, तीही वाचून दाखवायची. त्यातलं एक खरं, तीन खोटी. पोरांनी कागदावरच्या चार चौकटींपैकी खऱ्या उत्तराच्या चौकटीत फुली मारायची. पास होईल तो टेलिफोनच्या तुकडीत, आघाडीपासून चार हात लांब. नापास होईल त्यानं खांद्यावर बंदूक टाकून पलटणीबरोबर जायचं.

"खऱ्या उत्तरावर फुली?" तात्यांनी विचारलं. "अहो, फुली म्हणजे चूक. बरोबरला आम्ही अशी खूण करतो."

"फौजेत फुलीच," सबनीस म्हणाले.

तात्या घरी निघाले ते राजपथावरून, लांबच्या वाटेनं. जिल्ह्यात असली परीक्षा काढणारा हा पहिला माणूस. वाटेत कुणीतरी विचारील, "काय तात्या, कचेरीत कुठं?" आणि आपण म्हणू, "काही नाही, जरा सरकारला अडलं होतं." पण कुणीच विचारलं नाही. शेवटी नानासोंच्या ओट्यावर बसून तात्यांना ते आपण होऊन सांगावं लागलं. नानासो म्हणजे मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले अव्वल कारकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लढाईचं काम हाय तात्या. जपा."

"हे लढाईचं काम नव्हे नानासो, भाषेचं काम आहे," तात्या म्हणाले. हे वाक्य पुढच्या आठवड्यात त्यांनी आळीत निदान वीस जणांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगूबाई आली. ही माण तालुक्यातली, दहिवडीकडची धनगरीण. दर साल घोंगडी आणि दोन-चार मेंढरं घेऊन साताऱ्याला यायची आणि तात्यांच्या ओसरीवर उतरायची. बरोबर धाकटा लेक बिराप्पा. चौथी पास झालेला, उंच, आणि बोलायला असा कमी की पाहुण्यांना मुकाच वाटावा. पण ऐकायला मात्र विलक्षण. एकदा तात्यांनी नानासोंना वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवला तेव्हा हा बाहेर पायरीवर बसला होता. संध्याकाळी चारुशीलाबाई परसात गेल्या, तर हा आपल्या मेंढरांना तोच अग्रलेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकवत होता. नानासोंचं मत पडलं, की त्या अग्रलेखाला इतका शांत श्रोतृवर्ग पहिल्यांदाच लाभला.

रंगूबाई ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "मास्तर, थोरला बाहेरदेशी गेला, त्येचा नुस्ता कागूद आला. तुमीच वाचून दावला. आता ह्यो बी सही ठोकून आलाय, मला न इचारता. दोन वर्सं पाऊस न्हाई, मेंढरांस्नी चारा न्हाई, म्हनून गेला म्हनं. जाऊ दे. पर तुमी कायतरी परीक्षा घेताय म्हनं, त्येला त्या तारंवर घाला तेवढं. कुठं बी बसून बोलू द्या. बंदूक नगं."

"रंगूबाई, परीक्षा ऐकण्याची आहे," तात्या म्हणाले. "आणि बिराप्पासारखे कान या जिल्ह्यात नाहीत. मला काही करायलाच नको. तो आपला आपण पास होईल. पण एक सांगून ठेवतो, परीक्षेतला एक शब्द मी फोडायचा नाही."

"फोडू नगा की वो," रंगूबाई म्हणाली. "माजं पोर ऐकतंय. तेवढ्यावर भागंल."

आणि तात्यांनी खरंच फोडला नाही. उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून त्या मायलेकरांना त्यांनी आठवडाभर धर्मशाळेत जायला सांगितलं. ओसरी रिकामी झाल्यावर चारुशीलाबाई म्हणाल्या, "वीस वर्षं येतात बिचारी. कसली ही परीक्षा?" तात्या दौत-टाक शोधायला उठले. आपल्या निःस्पृहपणानं त्यांचा ऊर भरून आला होता.

आता कामाला सुरुवात. खरं उत्तर काढणं सोपं, ते उताऱ्यातच असतं. अडलं ते खोट्यांवर. दहा प्रश्न, प्रत्येकी तीन खोटी, म्हणजे तीस. ज्या माणसानं तीस वर्षांत फळ्यावर एक ऱ्हस्व चुकीचा काढला नव्हता, त्यानं एका रात्रीत तीस खोट्या गोष्टी कुठून आणाव्यात? पहिला प्रयत्न त्यांनी सबनीसांना दाखवला. प्रश्न होता, 'गवळ्याने काय आणले?' उत्तरं होती दूध, हत्ती, विहीर आणि कलेक्टर.

"मास्तर," सबनीस म्हणाले, "ऐकलं नाही त्यालासुद्धा खरं वाटेल असं खोटं पाहिजे. हे हायस्कुलातल्या मास्तराचं काम नव्हे, मी साहेबाला आधीच म्हणालो होतो. पुण्याहून करून आणलं असतं."

हे तात्यांना फार लागलं. रागाच्या भरात ते आळीत शिरले आणि दारोदार खोटी उत्तरं मागू लागले. एरवी या आळीत वर्गणी मागायला गेलं तर माणसं मागच्या दारानं पसार होतात. पण खोटं पाहिजे म्हटल्यावर सबंध आळी मदतीला धावली. नानासोंनी एकट्यांनी अकरा दिली, आणि ती इतकी खरी वाटत होती की त्यांच्या नोकरीच्या काळाबद्दल तात्यांच्या मनात भलत्याच शंका आल्या. शेजारच्या चंद्राबाईंनी उत्तरं दिलीच, वर "माझं सात नंबरचं घेतलंत का?" म्हणून रोज विचारू लागल्या. आणि कागदाच्या शेवटी तात्यांना सही करायची होती, की हे प्रश्न माझ्याशिवाय कुणीही पाहिलेले नाहीत. त्यांनी डोळे मिटून केली.

मग उतारा सेन्सॉरकडे गेला. तात्यांनी लिहिलं होतं, 'सकाळी साडेआठच्या गाडीने गणपतराव लोणंद स्टेशनावर उतरले व तिथल्या पेठेत गूळ विकावयास गेले.' लढाईच्या दिवसांत गाडीची वेळ शत्रूला कळता कामा नये, स्टेशनाचं नाव कळता कामा नये, आणि गूळ कुठं आहे हेही कळलेलं बरं नव्हे. उतारा परत आला तो असा: 'एका वेळी एका गाडीने एक गृहस्थ एका स्टेशनावर उतरले व एका ठिकाणी गेले.' त्याखाली प्रश्न तसाच होता, 'गाडी किती वाजता आली?' तात्यांनी खरं उत्तर 'एका वेळी' असं करून पाहिलं, पण बाकीची तीनही उत्तरं त्यानं खरी ठरत होती.

ती रात्र तात्यांनी माजघरात येरझाऱ्या घालून काढली आणि पहाटे त्यांना सुचलं. पुढे म्हातारपणी तात्यांना वाटे, त्या पहाटे डोळा लागला असता तर किती बरं झालं असतं! पण सुचलं, आणि मोठं अक्कलहुशारीचं सुचलं. विचार असा, की उतारा साधा असला तर न ऐकणाराही अंदाजानं उत्तर देईल. गवळी म्हटलं की दूध हे कुणीही ओळखील. तेव्हा उताऱ्यात जगाच्या उलटं घडलं पाहिजे. म्हणजे अंदाज करणारा फसेल आणि ऐकणाराच तेवढा तरेल. विलायतेतही याहून चोख तत्त्व कुणाला सुचलं नसतं. आणि उतारा त्यांनी असा लिहिला, की सेन्सॉरला हरकत घ्यायला एक गाव नाही, एक गाडी नाही:

'भर दुपारी एक पाहुणा पाटलाच्या वाड्यावर आला. पाटील ओसरीवर बसले होते. घरात भाकरी होत्या, दूध होते. पण पाटलांनी पाहुण्याला नुसते पाणी दिले आणि म्हणाले, घरात काही नाही. तेव्हा सून सासऱ्यांना म्हणाली, तुमचा हात आखडता आहे. पाहुणा उठला आणि रात्री देवळाच्या पायरीवर उपाशी निजला.'

प्रश्न पहिला: पाटलाने पाहुण्याला काय दिले? एक, ताक. दोन, दूध आणि गूळ. तीन, नुसते पाणी. चार, जेवण. असे दहा, सगळे पाटलाच्या घरच्या वागण्यावरच.

चारुशीलाबाईंनी पोळ्या लाटता लाटता ते ऐकलं आणि लाटणं थांबवलं. "अहो, हे त्या पोरांना कागदावर लिहून द्यायला सांगणार? पाटलाची अशी शोभा?"

"परीक्षा आहे ती. हळदीकुंकू नव्हे."

"ती खेड्यातली पोरं आहेत हो. माझ्यानं नाही लिहवणार, तर त्यांच्यानं कसं लिहवेल?"

"तुम्हाला यातलं तत्त्व कळायचं नाही," तात्या म्हणाले. तत्त्व सगळ्या घरात एका चारुशीलाबाईंनाच कळलं होतं, हे त्यांच्या लक्षात यायला अजून दोन दिवस होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. कचेरीच्या आवारात लिंबाखाली बेचाळीस जवान मांडी घालून बसले. कागदाची टंचाई, म्हणून चौकटी रॉकेलच्या जुन्या अर्जांच्या पाठीवर छापल्या होत्या. समोर साहेबाची खुर्ची, सबनीसांचं स्टूल, आणि मधोमध, हातवाल्या खुर्चीत, भरजरी फेटा बांधून लालासाहेब पाटील. यांनी आसपासच्या गावांतून निम्मी पोरं भरतीला आणली होती, तेव्हा मान त्यांचाच. तात्यांनी खुर्ची पाहिली, फेटा पाहिला, मिशा पाहिल्या, आणि हातातल्या उताऱ्याकडे पाहिलं. 'पाटील' खोडून 'सावकार' करावं, असं त्यांच्या पहिल्यांदा मनात आलं. पण आता वेळ गेली होती.

तात्या वाचू लागले. 'पाटील' हा शब्द आल्यावर लालासाहेब प्रसन्न होऊन सरसावून बसले. 'नुसते पाणी' आल्यावर त्यांची मिशी थांबली. 'हात आखडता' आल्यावर ते उठूनच उभे राहिले.

"आवं मास्तर, कुठल्या गावचा वो ह्यो पाटील?"

"कुठल्याच नाही. कल्पित आहे," तात्या म्हणाले.

"कल्पित असला म्हनून काय झालं? पाटील हाय न्हवं? आन सून सासऱ्याला बोलती? भर ओसरीवर?"

सबनीसांनी त्यांना कसंबसं बसवलं. पण पुढे प्रश्न सुरू झाले तसे लालासाहेबांना खुर्चीत राहवेना. ते हात मागे बांधून रांगांमधून फिरू लागले आणि एकेका कागदावर वाकून बघू लागले. पाटलाने पाहुण्याला काय दिले? बेचाळीस पेन्सिली क्षणभर थांबल्या आणि मग खाली आल्या. लालासाहेबांचा चेहरा हळूहळू निवळत गेला. तिसऱ्या रांगेपर्यंत तर ते मिशीवर ताव देत होते. ते पाहून तात्यांना समजायला हवं होतं. त्यांना वाटलं, ऊन उतरलं म्हणून बरं वाटत असेल.

घरी येऊन तात्यांनी कागद तपासायला घेतले. पहिला कागद: दूध आणि गूळ. दुसरा: दूध आणि गूळ. तिसऱ्यानं जेवण दिलं होतं. सून सासऱ्यांना म्हणाली, 'पाहुण्यांना वाढते.' पाहुणा रात्री पाटलाच्या ओसरीवर नव्या घोंगडीत निजला. बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी पाहुण्याला असं सांभाळलं होतं, की सख्खा जावई लाजावा. पास झाले तिघे. त्यातला एक जोतिबा नावाचा गडी वाचन सुरू होताच पेंगला होता आणि जाग आल्यावर त्यानं सगळ्या फुल्या तिसऱ्या चौकटीत मारल्या. तात्यांना तीन आकडा शुभ, म्हणून चार खरी उत्तरं त्यांनी तिसरी ठेवली होती. ती जोतिबाची बरोबर आली, आणि पास व्हायला चार लागत. उरलेले दोघे जोतिबाच्या उजव्या-डाव्या अंगाला बसलेले होते.

बिराप्पाला दहापैकी शून्य होतं.

तात्या तसेच उठले आणि धर्मशाळेत गेले. बिराप्पा भाकरी बांधत होता. "बिराप्पा, उतारा ऐकलास ना?" त्यांनी विचारलं. बिराप्पानं भाकरी खाली ठेवली आणि 'भर दुपारी एक पाहुणा'पासून 'उपाशी निजला'पर्यंत सगळा उतारा म्हणून दाखवला. तात्या श्वास घ्यायला जिथे थांबले होते तिथे तोही थांबला.

"मग गाढवा, दुधावर फुली का मारलीस?"

"मास्तर, पानी दिलं त्ये ऐकलं की. पर ऐकलं म्हनून लिवून द्यायचं? सरकारी कागदावर? त्यो पाटील कुठला का असंना, त्येचं नाव आमी कशापाई घालवावं? पाहुन्याला दूध दिलं म्हनलं तर कुनाचं काय गेलं?" मग तो जरा घुटमळला. "आन आमास्नी वाटलं, सरकार बगतंय, कुनाच्या घरातलं भाईर सांगनारा मानूस हाय का ह्यो. तारंवर बसवायचा मानूस तोंडाचा घट नगं व्हय? आमी समद्यांनी त्येच केलं. बरोबर केलं न्हवं?"

तात्यांना हसावं की रडावं कळेना. बाहेर आल्यावर मात्र त्यांना सगळं लख्ख दिसलं. एकोणचाळीस पोरांनी शब्दन् शब्द ऐकला होता. नापास झाले होते ते तात्या आठल्ये. सकाळी साहेबाला जाऊन हे सांगायचं, एवढंच करायचं होतं. रात्रभर त्यांनी ते वाक्य इंग्रजीत पाठही केलं, चारुशीलाबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं.

सकाळी साहेबच बोलला. सबनीसांनी सांगितलं, "साहेब म्हणतात, एकोणचाळीस माणसं एकदम तीच चूक करतात, तेव्हा चूक बहुधा दुसरीकडे असते. मास्तर, तुमच्या प्रश्नांत काही घोटाळा आहे का? असेल तर उद्या दुसरी परीक्षा घेऊ. नसेल तर हेच प्रश्न तुमच्या नावानं सांगलीला न्यायचे आहेत, तिथंही तुम्हीच परीक्षक." एवढं सांगून सबनीसांनी स्वतःचं थोडं घातलं. "मी म्हटलंच होतं साहेबांना. हायस्कुलातले मास्तर. व्हायचंच असं." आणि ते हसले. फार नाही, मिशीतल्या मिशीत.

मराठीत 'चूक माझी आहे' याहून सोपं वाक्य नाही. तात्या ते दर साल शेकडो पोरांकडून म्हणवून घेत. पण त्या दिवशी समोर सबनीसांची मिशी होती, टेबलावर सांगलीचा कागद होता, आणि आळीत वीस माणसं होती ज्यांना आपण भाषेचं काम सांगून बसलो होतो. पाठ केलेलं इंग्रजी कुठं गेलं कोण जाणे. तात्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "मुलांनी नीट ऐकलं नाही, साहेब."

सबनीसांनी ते इंग्रजीत सांगितलं, साहेबानं मान डोलावली आणि कागदावर सही केली. तेवढ्यात सगळं संपलं.

बिराप्पा तिसऱ्या दिवशी पलटणीबरोबर गेला. त्याला पोचवून रंगूबाई ओसरीवर आली. रडत नव्हती. खाली टेकून म्हणाली, "पोरानं ऐकलं न्हाई व्हय मास्तर? लहानपनापसनं आसं कवा झालं न्हवतं." तात्या माजघराच्या दारात उभे होते. "हं," एवढंच ते म्हणाले. चारुशीलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. नवऱ्याला धारेवर धरायची त्यांना भारी हौस, पण या बाबतीत त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तात्यांना बरं वाटलं असतं.

सांगलीला तात्या गेले. तिथल्या परीक्षेत सदतीसपैकी पस्तीस जणांनी पाहुण्याला दूध पाजलं, दोघांनी वर श्रीखंडही दिलं असतं, पण तशी चौकट नव्हती. ते कागद तपासून तात्यांनी प्रकृतीचं कारण सांगून परीक्षकपण सोडलं. तुकडीला माणसं कमी पडली ती पडलीच. जोतिबा मात्र टेलिफोनवर झोपा काढत हवालदार झाल्याचं पुढे कानावर आलं.

लढाई संपली. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तात्या एका भाच्याच्या मुलाच्या मुंजीला सांगलीला गेले होते. वखारभागातून जाताना हळदीच्या एका गुदामाच्या दारात पहारेकरी उठून उभा राहिला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. बिराप्पा होता तो. उजवा गुडघा वाकत नव्हता, पाय ताठ बाजूला टाकून उभा होता.

"बसा मास्तर," त्यानं आपलं पोतं झटकून पुढे केलं.

इटलीत कुठल्याशा डोंगरावर गुडघ्यात लोखंड शिरलं, ते अजून आत होतं. मेंढरं चुलतभावाला देऊन टाकली होती. मेंढरांमागं दिवसाला सात-आठ कोस चालायचं, ते ह्या पायानं कसं जमणार? आई इथंच असते, हळद निवडायला जाते, बरी हाय. एवढं सगळं त्यानं विचारल्यावरच सांगितलं.

तात्या पोत्यावर बसले. आज सांगितलं नाही तर पुन्हा कधीच सांगणं होणार नाही, हे त्यांना कळत होतं. "बिराप्पा," ते म्हणाले, "ती परीक्षा. त्या दिवशी साहेबानं मला विचारलं होतं, प्रश्नांत चूक आहे का म्हणून. हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत परीक्षा होणार होती. तू पास झाला असतास. मला सगळं ठाऊक होतं, तू मला आदल्याच दिवशी सांगितलं होतंस. आणि मी साहेबाला म्हटलं, मुलांनी ऐकलं नाही."

  बिराप्पानं तात्यांकडे पाहिलं. साठीचा मास्तर पोत्यावर बसून डोळे पुसत होता, आणि समोरच्या दुकानातली माणसं बघत होती.

"न्हाई मास्तर," तो हळूच म्हणाला. "तुमी बरोबरच सांगितलं. म्याच नीट ऐकलं नसंल तवा."

परसातली मेंढरंसुद्धा सांगतील ते खोटं होतं. तीस वर्षं चुकीचं उत्तर समोर आलं की तात्यांच्या तोंडून आपोआप 'चूक' निघत असे. आज निघालं नाही. ते उठले, बिराप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, "आईला सांग येऊन गेलो म्हणून," असं म्हणाले आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागले.

साताऱ्याला पोचल्यावर चारुशीलाबाईंनी मुंजीचं सगळं विचारलं. कोण आलं होतं, काय जेवलात, भाच्याची बायको कशी दिसते. तात्या सांगत होते. मग मध्येच म्हणाले, "बिराप्पा भेटला. सगळं सांगितलं त्याला."

चारुशीलाबाई पुढे सरकल्या. "मग? काय म्हणाला?"

"खोटं बोलला," तात्या म्हणाले. "माझी लाज राखायला खोटं बोलला. आणि मी ऐकून घेतलं."